दोन बोटं कापड

ब्यांडचा कोट लाल, खांद्यावर सोनेरी झालर,
समोर पितळेच्या सहा गुंड्या.
औंदा तुयशीचं लग्न झालं अन्
चौथी गुंडी लागेचना.
मास्तर म्हने, देवमन,
कोट काही वाढत नाही,
मानूस कमी होऊ शकते.

माह्या साल्यानं डबा आनला बाभुळगावहून.
त्याच्यावर एक बाई,
जिले पोटच नव्हतं.
दोन येळच्या जेवनाच्या जागी दोन गिलास,
दुधात टाकाचं, हालवाचं, पेवाचं.
वास व्हॅनिलाचा.
व्हॅनिला झाडाले लागते का जमिनीत होते,
थे साल्याले बी सांगता आलं नाही.

पह्यल्या दिवशी बरं वाटलं,
जसं कोनाचं उसनं पोट लावून फिरू रायलो.
दुसऱ्या दिवशी दुपारी
बेंबीच्या खाली एक बेडूक बोललं.
तिसऱ्या दिवशी त्याचं सारं खानदान.
मंग चार दिवस काहीच नाही, गोट्यावानी पोट,
अन् पाचव्या दिवशी
टमरेल हातातून सुटेना.

माहं काम फुंकाचं.
पोटातून हवा उचलाची, छातीत तोलाची,
ओठानं बारीक करून पितळेत सोडाची.
बावीस वर्षं हवा माहं ऐकत होती.
बोरीच्या वरातीत, नवरदेव घोड्यावर,
वरचा सूर धरला का खालचा सुटे,
खालचा दाबला का वरचा फाटे.
ढोलवाला सुदाम हासून हासून वाकला,
म्हने, दोन दोन बाजे कायले वाजवतं बे,
पैसे एकाचेच भेटतीन.

ब्यांडवाल्यायची पंगत शेवटची.
वांग्याची भाजी, वरन-भात, बुंदीचा चुरा.
सारे बसले.
मी मांडवाच्या मांगं
डब्यासंग फुकट भेटलेला गिलास हालवू रायलो.
वाढनाऱ्या पोट्ट्यानं पुसलं, काका, उपास?
हाव म्हनलो.
कोन्या देवाचा, थे त्यानं पुसलं नाही.

उपकेंद्रातल्या आत्राम सिस्टरनं
डबा उलटा करून वाचला,
जिकडं बाई नव्हती तिकडून.
म्हणाल्या, हे गोड लागतं ना, ती साखर नाही,
काहींच्या पोटात ते आंबतं.
आणि दूध? दूध पचतं का तुम्हाला?

मले काय मालूम.
म्हैस होती आमच्या घरी, दूध होतं.
पहाटंच बाप सायकलले कॅन बांधे
अन् डेअरीवर जाये.
आमच्या वाट्याले काया चहा.
दूध आमचं होतं,
आमच्यासाठी नव्हतं.
आता पन्नाशीले आलो तवा गिलास भरून पेलो
तं पोट म्हने, हे कोन पाहुनं,
मी यायले ओयखत नाही.

साल्याकडं गेलो, पैसे मागाले.
त्याच्या बाजीखाली अजून तेरा डबे होते.
त्यानं सदऱ्यावरून पोट चोयलं, हयूच म्हने,
भाऊजी, मले बी होते असंच.
पन मी विकतो ना.
मी उठलो. पैशाचं बोललोच नाही.

दारव्ह्याले रज्जाक टेलरनं
कोटाचं अस्तर उसवलं.
आत, दोन्ही बाजूनं,
दोन दोन बोटं कापड मुडपून ठेवलेलं.
ज्यानं कोट शिवला,
त्यानं मानसाचं पोट पाह्यलं असन कधी.
बाहेरचा लाल रंग उन्हानं विटला,
आतला अजून हयदीच्या दिवशीसारखा कोरा.

आता काखेपासून कमरेपर्यंत
दोन भडक पट्ट्या दिसतात.
मास्तर म्हने, हे काय फ्याशन?
मी म्हनलो, नवीन हाये.
सकाई ज्वारीच्या कन्या खाल्ल्या होत्या, अंबाडीची भाजी,
वरून लसनाचं तेल.
सहाही गुंड्या लागल्या.
तरी सूर धराच्या आंधी
मी घडीभर थांबलो,
अन् पोटाकडं कान देला.