कव्हर

गेल्या वर्षी राणी पडली
तेव्हाच मी विमानात जाऊन बसलो होतो.
पट्टा बांधला, उतरलोसुद्धा,
दाभोळच्या धक्क्यावरून
पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारली.
आणि इथे महबूलात, कॅम्पाच्या पत्र्याच्या हॉलात,
दोनशे माणसांच्या मधोमध
माझ्या बोटांनी माझ्यावाचूनच कव्हर मारलं.

केसाइतकं चुकलं.
राणी परत मध्यात.
बक्षिसाचं तिकीट सुमनपालाच्या खिशात.

हुसेनमिया परकार, कॅन्टीनचे,
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात सगळा बोर्ड,
कप विसळता विसळता म्हणाले,
"हरलास त्याचं काय एवढं.
पण तू तिथे नव्हतास, मुनाफ.
मग खेळत कोण होतं?"

मी चिडलो.
बोरिकला दोष दिला, वरच्या बल्बला,
सुमनपालाच्या त्या गप्प बसण्याला.
लाँड्रीत वाफेनं बोटांची सालं निघालेला माणूस,
पण स्ट्रायकर असा धरतो
जसं कुणी उकडलेलं अंडं सोलतंय.
त्याचा राग राग केला आठ महिने.
रागानं माझा एकही कट सुधारला नाही.

बाकी वर्ष क्रेनमध्ये गेलं.
सत्तर मीटर वर, काचेच्या खोक्यात एकटा.
खाली टेकबहादूर, मुंगीएवढा,
रेडिओत फक्त त्याचा आवाज:
थोडं. थोडं. अजून थोडं. थांब.
वाऱ्याचा काटा चढला की मीही थांबतो.
वाऱ्याशी भांडून कुणाची तुळई बसलीय?
आणि तुळई जागेवर टेकली
तरी काम झालं असं तो म्हणत नाही,
साखळी सुटते, आकडा रिकामा वर येतो,
तेव्हा म्हणतो.

हे मी चार वर्षं ऐकत होतो.
ऐकू आलं या वर्षी.

रमझानची तेविसावी रात्र. तरावीहनंतर फायनल.
पुन्हा तोच, पुन्हा गप्प.
तिसरा गेम, मी एकवीस, तो बावीस.
माझी एक पांढरी, त्याच्या दोन काळ्या, आणि राणी.

राणी घेतली.
हॉल उठला, बाकं वाजली,
कुणीतरी माझी पाठ थोपटली, ती मला लागली नाही.
कव्हर मारलं.

चुकलं.

हो, याही वर्षी.
सगळं शिकून, सगळं समजून चुकलं.
पण या वेळी मी कुठेच गेलो नाही.
मांडीवर हात ठेवून बसलो तिथेच,
आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं
सुमनपाला नेम धरताना श्वास सोडतो, घेत नाही.
इतका चांगला खेळतो हा,
आणि मी वर्षभर त्याचा फक्त चेहरा खेळत होतो.

त्यानं एक काळी घेतली.
मग राणीवर गेला. राणी निघाली,
पॉकेटच्या ओठावर येऊन उभी राहिली.
त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली.
तोही क्षणभर कोलंबोला जाऊन आला असेल.

माझी पाळी. सोपी राणी, अवघड कव्हर.
राणी पडली. आता कुणी ओरडलं नाही.
बोटांची पावडर पँटला पुसली.
पांढरी तिरकी होती, काळीच्या आड,
समोरच्या फळीवरून फिरवून आणायची.
थोडं. थोडं.
थांब.
श्वास सोडला.

मग आवाज, जाळीत पडतानाचा,
ओल्या मातीत फणस पडावा तसा बोजड.
एवढीशी सोंगटी, आणि तेवढा आवाज.

सुमनपालानं हात पुढे केला. खरखरीत, ऊन.
परकारांनी चहात वेलची जास्त टाकली,
बोलले काहीच नाहीत.

तिकीट पेटीत आहे. रजा मंजूर झालेली नाही.
सकाळी सहाला मी वर,
वारा नऊ, आकड्याला तुळई.
रेडिओ खरखरला,
"मुनाफभाई, काल जिंकलास म्हणे?"

आधी ही टेकू दे, म्हणालो.