आयचे पाय

लेक्सिंग्टन, केंटकी. टाइपरायटरच्या कारखान्याचा दुसरा मजला,
उत्तरेचा उजेड.
डेल्फिया क्रेक्राफ्ट अक्षरं काढायची, मी आकडे.
आकडे मुळातच शहाणे, एका मापाचे;
भांडण सगळं अक्षरांचं.

गाडा खटक्यासरशी एकच घर सरकायचा,
आय असो की एम.
इंचात दहा घरं, ना कमी ना जास्त.
एम तिन्ही पाय पोटाशी घेऊन झोपायचा.
आय म्हणजे नुसती काडी,
दोन्हीकडे घर ओसाड.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरं,
पण अंथरूणच मोठं निघालं तर?
डेल्फियानं काडीच्या तळाशी पट्टी ओढली,
जाड, सपाट, पार काठापर्यंत.
"थोरल्या भावाचे बूट घातलेत त्यानं," म्हणाली,
"आता वाऱ्यानं पडायचा नाही."

हार्लनच्या डोंगरात, तिच्या घरी,
एका पलंगावर पाच भावंडं.
आईनं गादीवर खडूनं रेघा मारलेल्या.
थोरला एझ्रा कायम कुशीवर, आणि ही धाकटी
हातपाय फाकून,
रिकामी जागा कुणीतरी घेतंच म्हणून.
मक्याचा पाव मोडता मोडता हे सांगितलं,
आणि लगेच, "तुझ्या आठाचं पोट सुटलंय, बरं का."

मग ते अक्षर गावोगाव गेलं.
भाड्याच्या नोटिसा, नाटकांच्या संहिता,
प्रेमपत्रं,
ज्यांत चुकल्या शब्दावर एक्स एक्स एक्स,
बरोब्बर बसणारे, खालचं पाप झाकून.

फेब्रुवारीत खाण कंपनीचं पत्र आलं.
तिनं ते माझ्या टेबलावर ठेवलं.
मी मजकूर वाचला.
ती भिंग घेऊन वाकली होती.
"आयच्या उजव्या टाचेत शाई साचते.
कोपरा खोल गेलाय. चूक माझी."

एझ्राला चार घरं. डेडला चार.
होमलाही चारच.
मी मोजत बसलो. आकडेवाला माणूस,
दुसरं काय करणार.

दुपारी तिनं आय परत काढला,
कोपऱ्याला केसभर गोलाई देऊन.
नवा साचा यायला सहा आठवडे लागले.
तोवर जुनाच चालला.

आता शेजारची मुलगी रात्री उशिरापर्यंत
कॉम्प्युटरला हुकूम लिहिते,
ओळीखाली ओळ, कंसाखाली कंस.
खुर्ची ओढून मी पडद्यावर आय शोधतो.
सापडतो. पाय फाकून उभा.
आठाचं पोट मात्र
अजून सुटलेलंच आहे.