दुभाषी

दीड तासाचे सातशे रुपये, वर जेवण.
काम एवढंच: बाई मराठीत बोलतील,
मी पावरीत सांगायचं.

धडगाव. मे महिना. बाहेर ताडपत्रीवर
कुणाच्या तरी कैऱ्यांच्या फोडी आमचूर होत पडलेल्या.
आत हॉलमध्ये अठरा पुरी झालेली, ऊसतोडीहून परतलेली,
पोरी भिंतीला, पोरं खिडक्यांपाशी,
मधे रिकाम्या खुर्च्यांची नदी.

देवस्थळी बाई नाशिकच्या. चांगल्या आहेत.
सुरुवात हसून केली:
"तुमच्यात तर सगळं मोकळं असतं, नाही का?"

हे मी पावरीत सांगितलं नाही.
पण एवढं मराठी सगळ्यांनाच येतं.
सायसिंग म्हणाला, "भोंगऱ्याला आम्ही
गूळ-फुटाणे घ्यायला जातो, म्याडम.
बाकीचं पेपरवाले लिहितात."

मग तक्ता उलगडला.
गर्भाशय. बीजवाहिनी. शुक्रजंतू.
आश्रमशाळेत सरांनी हा धडा
"घरी वाचा" म्हणून सोडला होता.
घरी वाचता येणारी मी एकटीच.

माझ्याकडे यासाठी दोनच जातीचे शब्द:
काही शिव्यांमधले,
काही शेळी व्यायला लागली की वापरायचे.
मी शेळीचे घेतले.
पोरं हसली. पोरींनी ओढणीच्या टोकाला
गाठी मारायला घेतल्या.

"शेळीमागंच वाढलो आम्ही," जोमा ओरडला,
"यात शिकायचं काय?"
"मोबाइल आहे की," म्हणाला दुसरा.
त्याचं नाव नाही सांगत. रेंजसाठी तो टेकडीवर चढतो,
आणि तिथे जे बघतो
ते त्याच्या बायकोच्या गप्प राहण्यात दिसतं.

तेव्हा रुमली उठली.
"माझं सिकलसेलचं कार्ड पिवळं. त्याचंही पिवळं निघालं.
देज ठरलंय, आकडा दोन्ही गावांना पाठ आहे.
कार्डाचं पंचांनी विचारलं नाही.
पोराला लाल येईल का?"

"चारात एक," बाई म्हणाल्या. मी सांगितलं.
रुमलीनं चार बोटं काढली.
"म्हणजे तिघं चांगली झाली की मग चौथं?"
"नाही. दर खेपेला नव्यानं, चारात एक."
हे मला तीनदा सांगावं लागलं,
तिसऱ्यांदा माझाच आवाज मला परका वाटला.

पुढचा शब्द होता संमती.
तो आमच्याकडच्यांनी ऐकलेला आहे,
नदीकाठच्यांनी, धरणाच्या कागदावर,
अंगठा उठवायच्या आधी.
तेव्हाही अर्थ कुणी सांगितला नव्हता.

मी म्हटलं, "तिनं हो म्हटलं तरच हो."
सायसिंग म्हणाला, "आणि गप्प राहिली तर?"
दुभाष्यानं स्वतःचं बोलायचं नसतं.
बाईंना न विचारता मी म्हटलं,
"गप्प म्हणजे नाही."
खिडकीपाशी एक जण खाली बसला.

दाराशी तिकीबाई सावलीला टेकलेली,
अख्ख्या पाड्याची नाळ कापलेली बाई.
तक्त्याकडे बोट करून ती एक शब्द बोलली.
शिवीतला नव्हे, शेळीचाही नव्हे.
जुना, थोडा ओलसर,
बाईच्या पोटातल्या त्या जागेसाठीच असलेला.
पोरींनी गाठी सोडून वर पाहिलं.
"इतके दिवस का नाही सांगितलास?" मी विचारलं.
तिनं तंबाखू मळली. "तू शाळेत होतीस."

जेवताना बाई म्हणाल्या,
"तो शब्द लिहून द्या ना, पुस्तिकेत घालू."
मी म्हटलं, देवनागरीत बसत नाही.
खोटं होतं. नीट बसतो.
पण आधी थोडे दिवस आमच्या तोंडात राहू दे,
या पोरींना एकदा तो मोठ्यानं म्हणून बघू दे.
इथेही नाही लिहिणार.

चारची कमांडर भरली.
रुमली मागच्या फळीवर उभी,
एका हातानं दांडा धरलेला,
दुसऱ्याची चार बोटं
अजून तशीच, उघडी.