चौदा बेडूक

भाडेकरारातलं नववं कलम:
भिंतीला भोक पाडायचं नाही.
माझ्याआधी राहून गेलेल्यांनी अकरा पाडलेली.
स्टुलावर चढून मी ती मोजली,
पुट्टीनं बुजवलेली, नखानं दाबली की मऊ,
एकाला चक्क टूथपेस्टचा वास.

घरमालक दोब्रोस्वाव दारातच थांबला, बूट न काढता.
"वर एक रूळ आहे की. एक पुरतो माणसाला."

नाही पुरत.
रात्रपाळीच्या नर्सला दोन पडदे लागतात.
जाड, निळा, दिवसाची रात्र करायला.
आणि दुसरा जाळीचा,
दिवसाला घरात घ्यायचं, पण चाळून घ्यायचं,
त्याच्यासाठी.

या शहराचं नाव वूच. म्हणजे होडी.
नद्या सगळ्या रस्त्यांखाली पुरल्यात,
नावात तेवढी होडी राहिली.
गिरण्याही गेल्या. लाल विटा ठेवल्यात, आत कॉफी विकतात.
त्यांतल्या एकीत माझी आई, लेओकादिया,
एकोणीस वर्षं जाळी विणायच्या यंत्रापाशी उभी होती.
यंत्रानं पगार दिला
आणि हप्त्याहप्त्यानं कान नेले.
गिरणी बंद झाली तेव्हा शेवटच्या पगाराच्या जागी
तिच्या हातात जाळीचं एक ठाण पडलं. नेच्याच्या पानांची नक्षी.
ते तिनं कधी कापलं नव्हतं.
यंदा कापलं. माझ्या खिडकीच्या मापानं.

जाड पडदा रुळावर गेला.
जाळीसाठी खिडकीच्या कोनाड्यात
दाबाची दांडी बसवली, दोन्ही टोकांना रबर,
भिंतींना नुसती रेटून उभी राहणारी.
(आमच्याकडे पडद्याच्या चिमट्यांना बेडूक म्हणतात.
चौदा होते. एकाचा जबडा ढिला.)
पहिल्या दिवशी दांडी भर दुपारी कोसळली.
मी नुकती डोळा लागलेली,
वाटलं कुणी पेशंट पलंगावरून पडला,
आणि अनवाणी पळत गेले
स्वयंपाकघरापर्यंत.

रविवारी आई आली. पिशवीत खळीची बाटली.
कोट न काढता खिडकीशी गेली, जाळीवरून बोटं फिरवली,
"उलटी लावलीस."
काय उलटी?
"सुलट बाजू रस्त्याकडे. आपल्याकडे पाठ."
राहते मी इथे, पैसे मी भरते, आणि पाठ मला?
"आपण आतच असतो गं," ती म्हणाली, "आपल्याला ठाऊक असतं कशी आहे ती."
चौदा बेडूक काढले. चौदा परत लावले.
ढिला जबडा तिनं दातांनी आवळला.

मग मला मिरवायचं होतं.
हे बघ, म्हटलं, आणि निळा पडदा ओढला
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
दुपारी साडेबाराला मिट्ट रात्र.
मी सांगत होते: कापड तीन पदरी आहे,
समोरच्या ट्रामचा आवाजसुद्धा निम्मा होतो,
आता सलग सहा तास झोपते मी आई, सहा तास,
वॉर्डातल्या त्या म्हाताऱ्याचं स्वप्नही पडत नाही आता—

अंधारातून तिचा हात आला, माझी बाही धरली.
"बोल ना," ती मोठ्यानं म्हणाली, "गप्प का झालीस?"

माझे ओठ तिला दिसत नव्हते.

ती ओठांवरून ऐकते हे मला बावीस वर्षं माहीत आहे.
पण माहीत असतं ते असं,
भिंतीतली तार असते तसं.

पडदा मागे घेतला. नुसती जाळी राहिली.
नेच्याची पानं माझ्या तोंडावर पडली असावीत,
कारण ती थोडी हसली, आणि मग टक लावून
मी काय बोलते ते वाचायला लागली.
सगळं पहिल्यापासून सांगितलं.
म्हाताऱ्याचं सोडून.

करार ऑगस्टपर्यंत आहे.
जाताना दांडी काढली की
कोनाड्यात समोरासमोर दोन करडे गोल राहतील, रबराचे,
पाच झ्वोटींच्या नाण्याएवढे.
दोब्रोस्वाव त्यांवरून अंगठा फिरवून बघेल.
भोक नाही म्हणता येणार त्यांना.