भूल

शोरूम कोल्हापूरला, म्हणून इर्शाद गाडी घेऊन
सकाळी साडेसातला विश्रामबागेत दारात आला.
पायाखाली कागद, सीटवर अजून प्लास्टिक.
सन्मती म्हणाली, मामा, तू चालव.
मला रंग कळतो, गाडी तुला.

तीस वर्षं टेम्पो मारला मी,
मार्केट यार्डातून हळदीची पोती.
गाडीत चढायचं एवढंच माहीत.
हिच्यात उतरावं लागतं,
आडात पाय सोडल्यासारखं, आधी बूड, मग डोकं, मग पाय.
बसलो, तर रस्ता मांडीपाशी.

किल्ली लावायला जागाच नाही.
खिशात राहू दे काका, इर्शाद म्हणाला, तिला कळतं.
बटण दाबलं.
झाली का चालू?
काटा हलला तेव्हा पटलं.

अंकलीच्या रस्त्याला लागलो.
पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, वर डीजेचे डबे बांधलेले.
पाय नुसता टेकवला.
श्वासभर काही नाही,
मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखी पाठ सीटला चिकटली
आणि ट्रॉल्या आरशात, काडेपेटीएवढ्या.
ट्रॅक्टरवाल्याचे ओठ हलताना दिसले होते,
गाणं कुठलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नव्वद. कानाला चाळीस.
मी कानानं गाडी चालवत आलोय बाई,
गिअर कधी टाकायचा ते इंजिन सांगतं,
पाटा कधी तुटणार ते आठ दिवस आधी सांगतो.
इथं कोण काही सांगतच नाही.
खड्डा आला, डोळ्यांनी बघितला,
कंबरेला कुणी कळवलंच नाही.

म्हणालो, तुझ्याच जातीची आहे ही,
रस्त्याला भूल देते.
ती हसली. सिव्हिलला भुलीची डॉक्टर, तिचं तिला ठाऊक.
भूल पेशंटला देतात, मामा.
रस्ता जिथं दुखतो तिथंच असतो.

परतताना मुद्दाम हरिपूरकडं घातली.
चिंचांच्या सावलीत स्टिअरिंग लोण्यासारखं,
मगाशी नव्वदला तेच कसं घट्ट झालं होतं,
शहाण्या माणसासारखं, वेळ बघून.
मग गावानं स्वतःच घातलेला स्पीडब्रेकर,
ब्रेकर कसला, डांबराचा उंट.
तिरकी घेतली, एकेक चाक, दम धरून,
तरी पोटाला लागलंच. खर्र.
सकाळपासून गाडी पहिल्यांदा बोलली.
इर्शादनं डोळे मिटून घेतले.
मला मात्र जरा बरं वाटलं.

देवळापाशी थांबवली आणि मागं जाऊन बसलो.
गुडघे पुढच्या सीटला, डोकं छताला.
तिघं म्हणतात, पण मधल्याच्या पायांत हा एवढा उंचवटा.
म्हटलं, गाडी दोन माणसांची आहे, दारं चार.
अक्काला आधी मागं बसवून बघ,
गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिच्या.
चढताना नाही, उतरताना बघ.

बाकी?
बाकी घे की. ब्रेक शब्दाला जागतो.
वळणावर अंग टाकत नाही.
तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना जरासा विचार करते,
ते चालायचंच, आपण पण करतो.

दुपारी टेम्पो काढला. मिरजेची खेप होती.
सिव्हिलच्या चौकापर्यंत गेलो असेन,
दारात काहीतरी वाजतंय. टक. टक टक.
आज नवीन नसणार हे.
इतकी वर्षं बाकीच्या खडखडाटात
त्याला बोलायला मिळालं नसेल,
आणि मला, सकाळचा तो तासभर कान धुऊन आल्यामुळं,
तेवढंच ऐकू यायला लागलं.

संध्याकाळी पान्यानं दाराचा पत्रा सोडला.
तळाला एक हळकुंड.
कुठल्या हंगामातलं, कुठल्या पोत्यातलं, कोण जाणे.
वास गेलेला. खड्यासारखं कडक.
नखानं खरवडलं.
आत पिवळं.