टाच

लियेमाच्या बुटांची टोकं झिजायची,
टाचा दुकानातल्यासारख्या कोऱ्या.

केपटाउनच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं:
मणक्यातल्या नसा, त्यांचे केसाएवढे धागे.
एकेकाला जराशी वीज लावायची,
ज्यानं पाय उगाच ताठतो तो कापायचा.
सगळे नाही.

मी सॉल्ट रिव्हरच्या कारखान्यात शिवते.
कुठल्या दोऱ्यानं अख्खी बाही आवळते,
मला कळतं.
सही केली.

नंतर पाय ओल्या कापडासारखे.
ज्या ताठरपणावर ती उभी राहायची
तोही गेला. हे कुणी बोललंच नव्हतं.
बोललं होतं. मी ऐकलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी, कठड्याला धरून,
अनवाणी,
तिनं पाऊल टेकलं. पुरतं.
खाली बघत म्हणाली,
"आई, फरशी मागेपण गार आहे."