पान नीट दिसत नाही

मसाला मार्केटातले ढमाले
वर्षाचा हिशोब बारदानात पाठवतात.
हमाल दोन जिने चढून येतो, दारात पोतं टेकवतो,
"कुठं उतरवू?" विचारतो,
जणू मीही घाऊकच.
सुतळी सुटली की आधी ठसका, मग पावत्या.
प्रणिता तोंडाला रुमाल बांधून एप्रिलपासून सुरू करते.
"ऑगस्टात मिरचीचा माल उचललाय यांनी," ती म्हणते,
"तिथवर पोचले की माझं नाक सांगेल."

घणसोलीच्या बाईंचे फोटो सत्तेचाळीस.
सगळे आडवे.
मी मान वाकडी करते, त्या फोन सरळ करत नाहीत.
अठराव्यात कागदच नाही, नुसती मोरांची चादर.
एकोणिसाव्यात टीडीएसवर मांजर बसलंय.
खाली ओळ: सगळं पाठवलंय, बघून घ्या.

कुणी रक्कम बोलून पाठवतं.
"लिहून घ्या मॅडम, एक लाख…"
कुकरची शिट्टी.
"…तीनशे बारा."
मधले हजार वरणात गेले.

सीवूड्सचा तो मुलगा फाइलला कुलूप घालतो.
किल्ली विचारली तर म्हणतो, नेहमीचीच.
कुणाच्या नेहमीची, बाबा?
त्याची जन्मतारीख घालून पाहते, बायकोची, लग्नाची.
रात्री अकराला तोच कळवतो:
जुन्या नोकरीचा पहिला दिवस.
मी काही बोलत नाही. ज्याने त्याने काय जपावं.

सगळ्यांसाठी माझं एकच वाक्य तयार असतं,
पहिलं अक्षर दाबलं की फोन पुढचं स्वतःच लिहितो:
पान नीट दिसत नाही, परत पाठवा.

दिवाळे गावच्या केणीकाकांना नऊ वर्षं हेच पाठवलं.
त्यांच्या पासबुकाच्या फोटोत दरवर्षी एक अंगठा,
बाईचा, नखाशी चिरलेला, कडेला एखादं खवलं चिकटलेलं,
नेमका व्याजाच्या शेवटच्या दोन आकड्यांवर.
काका, अंगठा काढायला सांगा ना.
"पासबुक मिटतं हो. ती धरते म्हणून तर फोटो निघतो."
मग फोनवर, मागून तिचा आवाज:
"सांग तिला, सदतीस हाय सदतीस!"
आणि मी सदतीस लिहायचे,
बँकेशी ताडून पाहिलं तर दरवेळी बरोबर,
आकडा कुठलाही असो.

आज त्यांचा फोटो आला.
सरळ. स्वच्छ. चारी कोपरे.
पासबुक उघडं राहावं म्हणून
एका पानावर चष्म्याचं घर,
दुसऱ्यावर मासळी कापायची कोयती.
धुतलेली. कोरडी.
शेवटचे दोन आकडे स्पष्ट दिसतायत.

बोटाने सवयीने पहिलं अक्षर दाबलं,
फोनने पुढचं सगळं लिहूनही टाकलं.
मी एकेक अक्षर मागे घेत गेले.
आकडे भरले. बेरीज जुळली.

आत प्रणिता शिंकली,
लागोपाठ तीनदा.
ऑगस्ट आला वाटतं.